लंडनचे वार्तापत्र : आधी ताळेबंद, मग दंड

लंडन : इंग्लंडमध्ये एखादी बांधकाम कंपनी सुरक्षेच्या गुन्ह्यात दोषी ठरली, की दंड ठरण्याआधी तिला मागच्या तीन वर्षांचे हिशेब न्यायालयापुढे ठेवावे लागतात. टाळाटाळ केली, तर 'ही कंपनी वाटेल तेवढा दंड भरू शकते' असे गृहीत धरायला न्यायाधीश मोकळे. आपल्याकडच्या बिल्डर मंडळींना हे वाचून ठसका लागेल. इथल्यांना तो १ फेब्रुवारी २०१६ रोजी लागला.

त्या दिवशी इंग्लंड आणि वेल्समध्ये अशा गुन्ह्यांच्या शिक्षेची नवी मार्गदर्शक तत्त्वे लागू झाली. कायदा जुनाच, १९७४ चा. कामगाराच्या आणि बाहेरून येणाजाणाऱ्याच्याही जिवाची, व्यवहारात शक्य असेल तितकी काळजी मालकाने घ्यायची. आणि ती घेतली होती हे सिद्धही मालकानेच करायचे. दंड मात्र मोठ्या कंपन्यांना झोंबत नसत. ते फार कमी आहेत, असे अपील न्यायालयाने १९९८ मध्येच सुनावले होते.

आता दोष किती आणि धोका किती हे ठरले, की न्यायाधीश उलाढाल पाहतात. वर्षाला २० लाख पौंडांच्या आतली कंपनी सूक्ष्म, ५ कोटींची किंवा त्यावरची मोठी. सर्वांत गंभीर गुन्ह्यात सूक्ष्म कंपनीचा हिशेब अडीच लाख पौंडांपासून सुरू होतो, मोठीचा ४० लाखांपासून, आणि तो एक कोटीपर्यंत चढू शकतो. पहिल्याच संधीला गुन्हा कबूल केला तर एक तृतीयांश सूट.

माझ्या मते यातली खरी धारदार गोष्ट आकड्यांची नाही. इथे गुन्हा घडायला कोणी मरावे लागत नाही. परांचीला कठडा नाही, खाली कोणी पडलेलेही नाही, तरी गुन्हा पूर्ण झाला. पडून काय होऊ शकले असते आणि ते होण्याची शक्यता किती होती, यावर शिक्षा ठरते. कोणी खरोखरच दगावला तर ती वाढते. 'काही झालं तर नाही ना, साहेब' हा बचाव इथे चालत नाही. तरीही २०२३-२४ या वर्षात ब्रिटनमध्ये बांधकामावर ५१ कामगार गेले, आणि उंचावरून पडणे हेच त्याचे सर्वांत मोठे कारण राहिले आहे.

लँकशरमधल्या हेशम येथे २०१० मध्ये चर कोसळून एक कामगार गाडला गेला. धोक्याचा अंदाज नीट घेतला नव्हता. बाल्फोर बीटी समूहातल्या कंपनीला शिक्षा झाली ती २०१६ मध्ये, म्हणजे नव्या तक्त्यानुसार : २६ लाख पौंड. सहा वर्षे लागली, हे इथल्या व्यवस्थेचे दुखणे. डिडकॉट वीजकेंद्राचे बॉयलर घर पाडकामाच्या तयारीत असताना २३ फेब्रुवारी २०१६ रोजी कोसळले आणि चौघे गेले. शेवटचा मृतदेह सप्टेंबरमध्ये हाती लागला, आणि चौकशी पुढे वर्षानुवर्षे चालली.

मनुष्यवधासाठी कंपनीलाच आरोपी करणारा वेगळा कायदा २००८ पासून आहे. बड्या संचालक मंडळांना वेसण घालण्यासाठी तो आणला. त्यात पहिली सापडली ती कॉट्सवोल्ड जिओटेक्निकल ही चिमुकली कंपनी. मातीचे नमुने घेण्यासाठी खणलेला खड्डा ढासळून तिचा तरुण भूगर्भतज्ज्ञ मरण पावला होता. २०११ मध्ये दंड झाला ३,८५,००० पौंड, तिच्या वर्षाच्या उलाढालीपेक्षा जास्त, दहा वर्षांच्या हप्त्यांनी. कंपनी बुडाली तरी इलाज नाही, अशी न्यायालयाची भूमिका होती. या कायद्यात वरिष्ठ व्यवस्थापनाची चूक दाखवावी लागते. छोट्या धंद्यात मालक स्वतःच खड्ड्याच्या काठावर उभा असतो; मोठ्या कंपनीत दोष मजल्यामजल्यांवर विरून जातो.

दंडाचा पैसा सरकारी तिजोरीत जातो. मृताच्या घरच्यांनी भरपाईसाठी वेगळा दिवाणी दावा लावायचा. इथे मला आपली २०२० ची व्यावसायिक सुरक्षा संहिता उजवी वाटते : दंडाची किमान निम्मी रक्कम वारसांना देण्याचा आदेश त्यात न्यायालय देऊ शकते. अर्थात देऊ 'शकते', हे विसरू नये.

पाडकामाच्या धंद्यात आणखी एक पळवाट जुनी आहे. दंड दिसू लागला की कंपनी दिवाळखोरीत काढायची आणि तेच ट्रक, तीच माणसे घेऊन नव्या नावाने उभे राहायचे. त्यावर उतारा म्हणून कंपनीसोबत संचालकालाही पिंजऱ्यात उभे करता येते. त्याची संमती, डोळेझाक किंवा निष्काळजीपणा सिद्ध झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद, शिवाय पंधरा वर्षांपर्यंत कुठल्याही कंपनीचे संचालकपद बंद.