रुग्णाची बाजू कोण मांडणार?

दरवर्षी ११ फेब्रुवारी रोजी, लुर्डमातेच्या सणादिवशी, ख्रिस्तसभा जागतिक रुग्णदिन पाळते. संत पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी १९९२ साली ह्या दिनाची घोषणा केली. त्या दिवशी आपल्या धर्मग्रामांत आजाऱ्यांसाठी पवित्र मिस्सा होते, तैलाभ्यंग संस्कार दिला जातो आणि डॉक्टर व परिचारिकांचा पुष्पगुच्छ देऊन सत्कारही होतो. ह्या सत्कारात एक वर्ग मात्र सहसा दिसत नाही. तो म्हणजे इंटर्न. तो बहुधा ड्युटीवर असतो, आणि नसलाच तर झोपलेला असतो!

आपल्या कितीतरी कुटुंबांतील मुले-मुली आज वैद्यकीय वा नर्सिंगचे शिक्षण घेत आहेत. साडेचार वर्षांचा एमबीबीएसचा अभ्यास आटोपला की बारा महिन्यांची इंटर्नशिप सक्तीची असते. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२१ मध्ये तिची नवी नियमावली जाहीर केली. इंटर्नला तात्पुरती नोंदणी मिळते आणि तो वरिष्ठांच्या देखरेखीखाली काम करतो. व्यवहारात रक्त काढणे, सलाईन लावणे, रिपोर्टसाठी धावणे, डिस्चार्ज कार्ड भरणे ही कामे त्याच्या वाट्यास येतात. वॉर्डाच्या उतरंडीत त्याचे स्थान सर्वांत खाली. परंतु रुग्णाच्या खाटेपाशी दिवसातून दहा वेळा जाणाराही तोच. मोठे डॉक्टर राउंडच्या वेळी दोन मिनिटे थांबतात. इंटर्न सुई टोचता टोचता रुग्णाचे गाऱ्हाणे ऐकतो. रुग्णाची बाजू मांडण्याची पहिली संधी म्हणूनच त्याच्याकडे चालून येते. ती घ्यावी कशी, हे पुस्तकात शिकता येत नाही.

येथे आम्ही पाहिलेला एक प्रसंग सांगणे उचित ठरेल. काही वर्षांपूर्वी मुंबईतील एका रुग्णालयात आमच्या धर्मग्रामातील एका आजींना कम्युनियन देण्यासाठी आम्ही गेलो होतो. आजींचे वय सत्तरीच्या पुढचे, बोली सामवेदी. दुसऱ्या दिवशी त्यांच्या आतड्याची शस्त्रक्रिया ठरली होती. एक तरुण इंटर्न मुलगी संमतिपत्र घेऊन आली. मुलाने लगेच पेन पुढे केले, "आई, इथे सही कर." आजीही सही करू लागल्या. मुलीने कागदावर हात ठेवला आणि विचारले, "आजी, उद्या तुमचे काय करणार आहेत, ते मला तुमच्या शब्दांत सांगाल का?" आजी म्हणाल्या, "पोटात गाठ हाय ती काढणार, नि सोमवारी घरी." संमतिपत्रावर मात्र आणखी एक ओळ होती : शौचासाठी पोटावर पिशवी बसवावी लागेल. त्या पिशवीविषयी आजींना कोणी अवाक्षरही सांगितले नव्हते. मुलाला ते ठाऊक होते. आई घाबरेल म्हणून त्याने लपवले होते.

त्या मुलीने सही घेतली नाही. ती स्वतःही समजावून सांगत बसली नाही, आणि ह्याचे आम्हाला त्या वेळी नवल वाटले. नंतर कळले की तेच योग्य होते. संमती घेणे म्हणजे कागदावर सही आणणे नव्हे. ज्याला शस्त्रक्रिया आणि तिचे धोके नीट समजावता येतात, त्यानेच ती घ्यायची असते. इंटर्नला ओझे पोचवणाऱ्या हमालासारखे हे काम सोपवले जाते, ही आपल्याकडची जुनी खोड आहे. ती रजिस्ट्रारकडे गेली. तो वैतागला असावा. कारण तो आला तेव्हा रात्रीचे दहा वाजले होते आणि मुद्रा त्रासिक होती. पण तो स्टूल ओढून बसला. वीस मिनिटे बोलला. आजींनी एकच प्रश्न विचारला, "पिशवी कायमची का?" उत्तर होते, बहुधा काही महिन्यांची, पण खात्री देता येत नाही. आजींनी नाशिकच्या लेकीशी बोलण्यासाठी एक दिवस मागितला. तो मिळाला. शस्त्रक्रिया तिसऱ्या दिवशी झाली.

(ही हकिगत लिहिण्यास आजींनी आनंदाने परवानगी दिली आहे. "नाव घालू नका, फादर," एवढीच त्यांची अट.)

त्या मुलीने जे केले त्यामागे केवळ सहृदयता नव्हती, कायदाही होता. दिल्लीतील एका महिलेस केवळ तपासणीसाठी भूल देण्यात आली होती. ती बेशुद्ध असताना तिच्या आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय व अंडाशय काढण्यात आले. जानेवारी २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, रुग्ण सज्ञान व समर्थ असेल आणि जिवावरचे संकट नसेल, तर आईची संमती ही रुग्णाची संमती ठरत नाही. तपासणीची संमती म्हणजे उपचाराची संमती नव्हे, हेही न्यायालयाने स्पष्ट केले. आपल्या घरांत मात्र आजही वडीलधाऱ्यांचा आजार मुलगा ठरवतो, जावई ठरवतो, कधी कधी फादरही ठरवतात. ज्याचे पोट कापले जाणार, तो शेवटी विचारला जातो.

वरिष्ठांपुढे बोलण्याचे धैर्य कसे यावे, हा ह्या विषयातला खरा कठीण भाग. तिसऱ्या वर्षाच्या निवासी डॉक्टरपुढेही इंटर्नची जीभ अडखळते, तर प्राध्यापकांची गोष्टच नको. ह्यावर जगभर काही साध्या पद्धती शोधल्या गेल्या आहेत. अमेरिकेच्या नौदलातील पाणबुड्यांवर वापरात असलेली एक पद्धत पुढे तेथील रुग्णालयांनी स्वीकारली. तिला 'एसबार' म्हणतात. तीत चार गोष्टी क्रमाने सांगायच्या : आत्ता काय घडते आहे, त्याची पार्श्वभूमी काय, मला काय वाटते आणि आपण काय करावे. रात्री दोन वाजता "सर, पेशंट बरा वाटत नाही" असा फोन केला, तर उत्तर मिळते, "सकाळी बघू." त्याऐवजी इंटर्न म्हणतो, "सर, बारा नंबरच्या रुग्णाला धाप लागली आहे. काल पोटाची शस्त्रक्रिया झाली. श्वास मिनिटाला ३२, ऑक्सिजन ८८ टक्के. फुफ्फुसात गुठळी अडकली असावी अशी शंका येते. आपण आत्ता येऊन पाहावे." रुग्ण तोच आणि वेळही तीच, पण आता सर अंथरुणातून उठतात.

दुसरा एक नियम विमानचालकांच्या प्रशिक्षणातून आला आहे. आपली शंका एकदा सांगून कोणी कान दिला नाही, तर गप्प बसायचे नाही. दुसऱ्यांदा, अधिक स्पष्ट शब्दांत सांगायचे. तरीही दुर्लक्ष झाले तर त्याहून वरच्या व्यक्तीकडे जायचे. ह्यात उद्धटपणा नाही. उलट, नातेवाइकांच्या देखत "सरांचे चुकले" असे म्हणणारा इंटर्न रुग्णाची बाजू घेत नसतो, तो आगीत तेल ओतत असतो. डॉक्टरांवरील हल्ले रोखण्यासाठी महाराष्ट्राला २०१० साली स्वतंत्र कायदा करावा लागला, हे विसरून चालणार नाही. शंका बोलायची ती योग्य व्यक्तीपाशी, योग्य जागी, आणि केसपेपरवर वेळेसह नोंदवून. व्यावसायिकता ह्या भारदस्त शब्दाचा अर्थ आम्हाला तरी एवढाच कळतो.

केट ग्रेंजर ह्या इंग्लंडमधील तरुण डॉक्टरची आठवण येथे होते. कर्करोगाने आजारी असताना २०१३ साली त्या रुग्णालयात दाखल झाल्या. त्यांच्या ध्यानात आले की, तपासायला येणारे बहुतेक जण आपले नावही सांगत नाहीत. नाव सांगून आपुलकीने बोलला तो ट्रॉली ढकलणारा कर्मचारी; आपल्याकडच्या भाषेत वॉर्डातले मामा! खाटेवर पडल्यापडल्या त्यांनी 'हॅलो, माय नेम इज' ही मोहीम सुरू केली आणि ती अनेक देशांत पोचली. २०१६ साली त्यांचे निधन झाले.

भारतातही प्रयत्न झाले आहेत. २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती व संवाद ह्यांचे स्वतंत्र पाठ आले. परंतु वर्गात ऐकलेले आणि वॉर्डात दिसलेले ह्यांत मेळ नसेल, तर विद्यार्थी वॉर्डच खरा मानतो. त्यात भर म्हणजे इंटर्नशिपचे वर्ष पुढील प्रवेशपरीक्षेच्या तयारीचे वर्ष होऊन बसले आहे. मुलगा वॉर्ड चुकवून वाचनालयात बसतो आणि आईवडील त्याचे कौतुक करतात. रविवारी घरी आलेल्या मुलाला "अभ्यास किती झाला?" असे विचारतो, तसे "ह्या आठवड्यात कोणासाठी बोललास?" असेही विचारायला काय हरकत आहे?

रुग्ण म्हणून आपलीही काही माहिती हवी. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ मध्ये १७ हक्कांची रुग्णसनद तयार केली. कागदपत्रांच्या प्रती मिळणे, दुसऱ्या डॉक्टरचे मत घेणे, औषधे कोणत्याही दुकानातून आणणे हे त्यांतील काही हक्क. महाराष्ट्रात जानेवारी २०२१ च्या सुधारित नियमांनुसार खासगी रुग्णालयांनी रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहे. ती पुष्कळदा कुंडीमागे सापडते, पण सापडते.

शेवटी आमची स्वतःची एक चूक. आजींच्या त्या भेटीत आम्ही त्याच इंटर्न मुलीला बाहेर गाठून सहज विचारले, "आजींना नेमके झाले आहे तरी काय? रविवारच्या प्रार्थनेत सांगता येईल." ती नम्रपणे म्हणाली, "फादर, ते आजींनाच विचारलेत तर बरे." आम्हाला क्षणभर लागले. पंचवीस वर्षे पापनिवेदनाच्या आसनावर बसून गुप्तता पाळणाऱ्या माणसाला गुप्ततेचा धडा विशीतल्या मुलीकडून मिळावा! पण वेदीवरून किती जणांचे आजार आम्ही नावानिशी वाचून दाखवले होते, ते घरी परतताना गाडीत एकेक आठवत गेले. तेव्हापासून आमच्या धर्मग्रामात आजाऱ्यांच्या यादीत फक्त नाव वाचले जाते, तेही त्यांना विचारून. गेल्या महिन्यात तिघांनी नाव नको म्हणून कळवले. त्यांच्यासाठीची प्रार्थना आम्ही मनातल्या मनात करतो.