डोक्याला मार आणि बारा मिनिटे

२००३ साली रग्बीचा विश्वचषक जिंकणाऱ्या इंग्लंडच्या संघातल्या स्टीव्ह थॉम्पसनला तो विजय आज आठवत नाही. बेचाळिसाव्या वर्षी, २०२० मध्ये, त्याने खेळताना डोक्याला बसलेल्या मारामुळे आपल्याला स्मृतिभ्रंश झाल्याचे जाहीर केले.

टक्कर झाली की कवटीत मेंदू हिंदकळतो, त्याचे तंतू ताणले जातात. सीटी स्कॅनमध्ये बहुधा काहीच दिसत नाही. शुद्धही बहुतेकदा हरपत नाही. म्हणून व्यावसायिक रग्बीत मेंदूला इजा झाल्याची शंका येताच खेळाडूला १२ मिनिटे बाहेर काढून डॉक्टर स्मरणशक्ती आणि तोल तपासतात. लक्षणे कधीकधी दुसऱ्या दिवशी उमटतात, त्यामुळे सामन्यानंतर आणि दोन रात्रींच्या विश्रांतीनंतर पुन्हा तपासणी होते. ही दुसरी-तिसरी तपासणी मला पहिलीहून मोलाची वाटते.

मुलांच्या मैदानावर मात्र डॉक्टर क्वचितच असतो. तिथे डोक्याला मार बसला, की त्या मुलाला त्या दिवशी पुन्हा खेळू देऊ नका.