हजेरीपटावरील नावे

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली; पुढच्याच वर्षी सभेने सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले. राहण्या-जेवण्याची सोय नसेल, तर शाळेचे दार उघडे असूनही गरिबाचे मूल आत टिकत नाही. त्याच परंपरेत वाढलेले आम्ही वर्गमित्र ३०-३५ वर्षांनी भेटतो, तेव्हा हुद्दे, घरे, मुलांच्या पदव्या यांची विचारपूस होते. त्यात गैर काही नाही. ती वाटचाल सोपी नव्हती. परंतु मेळाव्याची निमंत्रणे दहावी उत्तीर्णांच्या यादीवरून जातात. मध्येच शाळा सोडून ऊसतोडीला वा वीटभट्टीवर गेलेला सोबती त्या यादीत नसतो. त्याचे नाव केवळ जुन्या हजेरीपटावर सापडते. तो हजेरीपट आपण उघडावा, त्याच्या घरी जावे, त्याच्या नातवंडांच्या शाळेची चौकशी करावी. आपल्या भेटीचे सार्थक त्यातच आहे.