टर्बो इंजिनाचे ट्रॅकवरील शीतलन

टर्बो इंजिनाचे ट्रॅकवरील शीतलन म्हणजे टर्बोचार्जर असलेल्या आणि अधिक शक्तीसाठी फेरबदल केलेल्या मोटारीचे इंजिन शर्यतीच्या ट्रॅकवर सलग पूर्ण जोराने चालत असताना त्यात साचणारी जादा उष्णता बाहेर टाकण्याची व्यवस्था होय. यात शीतलक द्रव, वंगण तेल, इंजिनात शिरणारी हवा आणि खुद्द टर्बोचार्जर अशा चार ठिकाणच्या तापमानाचा विचार करावा लागतो.

ज्या दिवशी ठरावीक शुल्क भरून कोणालाही आपली मोटार बंदिस्त ट्रॅकवर वेगाने चालवता येते, त्या दिवसाला ‘ट्रॅक डे’ म्हणतात. ही स्पर्धा नसते. भारतात चेन्नईजवळील इरुंगट्टुकोट्टई, कोइमतूरजवळील कारी मोटर स्पीडवे आणि ग्रेटर नोएडातील बुद्ध इंटरनॅशनल सर्किट हे यासाठीचे परिचित ट्रॅक आहेत. ट्रॅकवर येणाऱ्या बहुतेक मोटारी एरवी रस्त्यावर वापरल्या जाणाऱ्याच असतात. त्यांची शीतलन यंत्रणा रस्त्यावरील वापर डोळ्यांपुढे ठेवून आखलेली असल्यामुळे ट्रॅकवर, विशेषतः दख्खनच्या पठारावरील उन्हाळ्यासारख्या हवामानात, ती अपुरी पडू शकते.

इतिहास

निष्कास वायूंच्या जोरावर फिरणाऱ्या प्रभारकाची कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी मांडली व १९०५ मध्ये तिचे एकस्व घेतले. प्रवासी मोटारींत टर्बोचार्जर प्रथम १९६२ मध्ये अमेरिकेत आला. त्या वर्षीच्या ओल्डस्मोबिल जेटफायर या मोटारीत दाबलेली हवा थंड करण्यासाठी पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण फवारले जाई. टर्बोचा आणि शीतलनाचा प्रश्न असा आरंभापासूनच जोडीने आला.

फॉर्म्युला वन शर्यतीत रेनॉ कंपनीने १९७७ मध्ये पहिली टर्बो मोटार उतरवली. तिचे इंजिन वारंवार निकामी होऊन वाफ व धूर सोडत असे. त्यावरून प्रतिस्पर्ध्यांनी तिला ‘पिवळी चहाची किटली’ असे नाव दिले. दोनच वर्षांनी, १९७९ मध्ये, फ्रेंच ग्रां प्रीमध्ये रेनॉने टर्बो इंजिनाचा पहिला विजय मिळवला.

महाराष्ट्रात टर्बो इंजिन सामान्य ग्राहकापर्यंत पोहोचले ते मुख्यतः डिझेल वाहनांतून. पुण्यात तयार होणारी टाटा सफारी १९९८ मध्ये, तर नाशिकमध्ये तयार होणारी महिंद्र स्कॉर्पिओ २००२ मध्ये बाजारात आली. पुढे चाकण येथील फोक्सवॅगनच्या कारखान्यात तयार झालेल्या पोलो मोटारीची टर्बो पेट्रोल इंजिने फेरबदलाची हौस असणाऱ्यांत लोकप्रिय झाली. पेट्रोल इंजिनाचे निष्कास वायू डिझेलच्या मानाने अधिक तापतात. त्यामुळे ट्रॅकवरील अतितापनाचा प्रश्न पेट्रोल टर्बो मोटारींत अधिक तीव्र असतो.

उष्णतेचा हिशेब

इंधनाच्या ज्वलनातून मिळणाऱ्या ऊर्जेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश ऊर्जा चाकांकडे जाते, एक तृतीयांश निष्कास वायूंबरोबर निघून जाते आणि उरलेली शीतलक, तेल व इंजिनाचा पृष्ठभाग यांच्यामार्फत बाहेर पडते. म्हणजेच इंजिन जितकी अधिक शक्ती देईल, तितकीच अधिक उष्णता रेडिएटरवर येते.

सपाट महामार्गावर ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या लहान मोटारीला साधारण १५ किलोवॉट शक्ती पुरते. तीच मोटार ट्रॅकवर पूर्ण जोराने पळवली आणि तिचे इंजिन ११० किलोवॉट, म्हणजे सुमारे १५० अश्वशक्ती देत असले, तर शक्तीची मागणी सात पटींनी वाढते. नियंत्रक संगणकाची आज्ञावली बदलून, ज्याला व्यवहारात ‘रीमॅप’ म्हणतात, हीच शक्ती १४० किलोवॉटपर्यंत नेल्यास उष्णतेतही सुमारे एक चतुर्थांश भर पडते. रेडिएटर मात्र पूर्वीचाच राहतो.

चढणीच्या घाटात ट्रकचे पाणी उकळते, त्यामागेही हेच कारण असते. तेथे भार मोठा व वेग थोडा असल्याने रेडिएटरमधून पुरेशी हवा जात नाही. ट्रॅकवर वेग मोठा असतो, परंतु उष्णता त्याहून मोठी असते. शिवाय दुसऱ्या मोटारीच्या अगदी मागे राहिल्यास समोरून येणारी हवा कमी आणि गरम मिळते.

दख्खनच्या उन्हाळ्यातील स्थिती

अक्कलकोट, सोलापूर आणि लगतचा कर्नाटकातील कलबुर्गी–विजयपूर हा पट्टा कोरड्या उष्णतेसाठी ओळखला जातो. एप्रिल–मे महिन्यांत येथील कमाल तापमान ४० अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. या पट्ट्यातील मोटारींची परीक्षा ट्रॅकवर पोहोचण्याआधी रस्त्यावरच सुरू होते.

रेडिएटर किती उष्णता टाकू शकेल, हे शीतलक व बाहेरची हवा यांच्या तापमानांतील फरकावर अवलंबून असते. शीतलक १०० अंशांवर आणि हवा २० अंशांवर असताना हा फरक ८० अंशांचा असतो. हवा ४२ अंशांवर गेली की तो ५८ अंशांवर येतो, म्हणजे एक चतुर्थांशाहून अधिक घटतो. गरम हवा विरळही असते. २० ऐवजी ४२ अंशांवर तिची घनता सुमारे ७ टक्क्यांनी कमी होते. सोलापूर परिसर समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंचीवर असल्याने आणखी ५ टक्के घट होते. सर्व गोष्टी एकत्र धरल्यास त्याच रेडिएटरची क्षमता थंड प्रदेशातील क्षमतेच्या सुमारे दोन तृतीयांशच उरते. त्यामुळे थंड देशात यशस्वी ठरलेला फेरबदल येथे जसाच्या तसा लागू पडेलच, असे नाही.

शीतलक व रेडिएटर

शीतलक म्हणून सामान्यतः पाणी व इथिलीन ग्लायकॉल यांचे मिश्रण वापरतात. उष्णता वाहून नेण्यात शुद्ध पाणी ग्लायकॉलमिश्रित पाण्यापेक्षा सरस असते. ग्लायकॉलमुळे मात्र उत्कलनबिंदू वाढतो, तर शीतलकातील इतर रसायने गंज रोखतात. सोलापूर भागात पाणी गोठण्याची भीती नसली, तरी गंजरोधकाची गरज राहतेच. ग्लायकॉल सांडल्यास ट्रॅक निसरडा होतो. म्हणून अनेक ठिकाणी शर्यतीच्या मोटारींना केवळ पाणी व गंजरोधक यांचीच परवानगी असते. ग्लायकॉल विषारी व चवीला गोडसर असल्याने ते जनावरांच्या आवाक्यात सांडू देऊ नये.

मिश्रणासाठी बॅटरीसाठी मिळते तसे ऊर्ध्वपातित पाणीच घ्यावे. दख्खनमधील विंधन विहिरींचे पाणी बहुधा दुष्फेन असते. ते वापरल्यास रेडिएटरच्या अरुंद नळ्यांत क्षारांचा थर बसतो आणि उष्णता बाहेर पडण्यास अडथळा होतो.

रेडिएटरचे झाकण हा स्वस्त, पण निर्णायक भाग आहे. झाकणाच्या झडपेमुळे यंत्रणेत वातावरणाहून सुमारे १ बार अधिक दाब राहतो. या दाबाखाली साधे पाणी १२० अंशांच्या, तर निम्मे ग्लायकॉल असलेले मिश्रण १३० अंशांच्या आसपास उकळते. झाकणाचे रबर कडक होऊन दाब टिकेनासा झाला, तर ही सुमारे २० अंशांची सवलत नाहीशी होते. सोलापूरच्या उंचीवर उघड्या भांड्यातील पाणी १०० अंशांच्या थोडे आधीच उकळते. मोठा रेडिएटर घेण्यापूर्वी झाकण, पाण्याचा पंप, नळ्या व पंखा तपासणे म्हणूनच श्रेयस्कर ठरते.

थर्मोस्टॅट काढून टाकल्यास इंजिन थंड राहते, असा समज गॅरेजांमध्ये आढळतो. प्रत्यक्षात पूर्ण उघडलेला, सुस्थितीतील थर्मोस्टॅट प्रवाहाला फारसा अडथळा करत नाही. तो काढल्यास काही इंजिनांत शीतलक रेडिएटरला वळसा घालून परत फिरते. शिवाय एरवी इंजिन गरजेपेक्षा थंड राहून झीज वाढते.

हवेचा मार्ग तितकाच महत्त्वाचा असतो. बंपरमधून आत आलेली हवा रेडिएटरच्या कडेने निसटली, तर ती निरुपयोगी ठरते. या फटी फोमने किंवा पत्र्याने बुजवल्यास थोड्या खर्चात मोठा लाभ होतो. आत आलेल्या हवेला बाहेर पडण्याची वाटही हवी. त्यासाठी बोनेटला झरोके ठेवतात. ते समोरच्या काचेच्या पायथ्याशी नसावेत, कारण तेथे हवेचा दाब वाढलेला असतो. वेगात असताना पंख्याचा उपयोग नगण्य असतो. मोटार पिटमध्ये थांबल्यावर मात्र सारा भार पंख्यावरच येतो.

इंटरकूलर व आत येणारी हवा

हवा दाबली की तापते. ४० अंशांची हवा दुप्पट दाबापर्यंत नेल्यास, कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरता, ती सुमारे १४० अंशांपर्यंत पोहोचते. १५ अंशांच्या हवेसाठी हाच आकडा सुमारे १०५ अंश येतो. ही हवा इंजिनात जाण्यापूर्वी थंड करणाऱ्या उपकरणास इंटरकूलर म्हणतात. काही मोटारींत हवा थेट बाहेरच्या हवेने, तर काहींत स्वतंत्र शीतलकाने थंड होते. दुसऱ्या प्रकारात सुरुवातीच्या फेऱ्या चांगल्या जातात, पण त्या लहान परिपथातील द्रव तापला की परिणाम ओसरतो.

समोर मोठा इंटरकूलर बसवणे हा लोकप्रिय फेरबदल आहे. त्याची एक किंमत मोजावी लागते. इंटरकूलर रेडिएटरच्या पुढे असल्याने रेडिएटरला आधीच गरम झालेली व मंदावलेली हवा मिळते. परिणामी शक्ती वाढते आणि शीतलकही अधिक तापते.

इंधन व ठिणगीची वेळ

आत येणारी हवा फार गरम असल्यास मिश्रणाचा उरलेला भाग आपोआप पेटून ठोके बसतात. यालाच नॉकिंग म्हणतात. ते टाळण्यासाठी नियंत्रक संगणक ठिणगी उशिरा देतो. त्यामुळे शक्ती घटते, निष्कास वायू आणखी तापतात आणि टर्बोचार्जरवरील ताण वाढतो. या दुष्टचक्राचा आरंभ बहुधा इंटरकूलरच्या मर्यादेपाशी होतो.

इथेनॉलचे बाष्पीभवन होताना ते पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता शोषते. त्याचा ऑक्टेन अंकही जास्त असतो. साखर कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या सोलापूर जिल्ह्याच्या दृष्टीने ही लक्षणीय बाब आहे, कारण पेट्रोलमध्ये मिसळले जाणारे इथेनॉल तेथील उसापासूनही तयार होते. मात्र इथेनॉलचे प्रमाण वाढवल्यास इंधनाचा पुरवठा व नियंत्रकातील आज्ञावली यांत बदल करावा लागतो. जुन्या मोटारींच्या रबरी नळ्या व सील यांना ते बाधू शकते.

वंगण तेल व टर्बोचार्जर

तेल केवळ वंगणाचे काम करत नाही, तर दट्ट्या, बेअरिंगे व टर्बोचार्जरचा दांडा यांची उष्णताही वाहून नेते. रस्त्यावर तेलाचे तापमान साधारण १०० अंशांच्या आसपास असते. ट्रॅकवर ते १३० अंशांच्या पुढे जाऊ लागल्यास वेग कमी करावा. तेल पातळ झाल्यास बेअरिंगवरील त्याचा थर टिकत नाही. बहुतेक मोटारींच्या फलकावर तेलाचे तापमान दिसतच नाही, त्यामुळे स्वतंत्र मापक बसवणे हा पहिला खर्च असावा. फलकावरील शीतलकाचा काटाही अनेक मोटारींत मुद्दाम मध्यावर स्थिर ठेवलेला असतो. तो हलेपर्यंत बराच उशीर झालेला असतो.

पेट्रोल इंजिनातील टर्बोचार्जरच्या टर्बाइनकडे येणारे वायू ९०० अंशांच्या पुढे जाऊ शकतात. फेरी संपताच इंजिन बंद केल्यास तेलाचा प्रवाह थांबतो आणि दांड्याभोवती अडकलेले तेल जळून त्याचा कोळसा होतो. काही मोटारींत इंजिन बंद झाल्यावरही विजेवरचा पंप शीतलक फिरवत राहतो. तरीही शेवटची फेरी सावकाश काढणे इष्ट मानले जाते.

ट्रॅकवरील प्रघात

सर्वांत स्वस्त शीतलन हे चालकाच्या हाती असते. दुपार टाळून सकाळच्या सत्रात उतरणे, दोन-तीन जोराच्या फेऱ्यांनंतर एक फेरी सावकाश घेणे, पुढच्या मोटारीपासून अंतर राखणे आणि वरच्या गिअरमध्ये इंजिनाचे फेरे कमी ठेवणे हे नेहमीचे उपाय होत. तापमान वाढू लागल्यास वातानुकूलन बंद करून हीटर चालू करतात. हीटर हा लहान रेडिएटरच असल्यामुळे त्यातून थोडी उष्णता बाहेर पडते. पिटमध्ये आल्यावर इंजिन एक-दोन मिनिटे चालू ठेवतात व बोनेट उघडतात. तापलेल्या ब्रेकमुळे हँडब्रेक लावत नाहीत. त्याऐवजी मोटार गिअरमध्ये ठेवतात किंवा चाकाला अडण लावतात.

अतितापनाचे परिणाम व सुरक्षितता

इंजिन अतितापल्यास ॲल्युमिनियमचे हेड वाकते आणि हेड गॅस्केट जळते. शीतलक व तेल एकमेकांत मिसळल्यास तेलाला दुधाळ रंग येतो. वेळीच लक्षात आल्यास हेडचे फेसिंग करून काम भागते. उशीर झाल्यास दट्ट्या सिलिंडरमध्ये अडकून इंजिन पकडते.

गरम इंजिनाच्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. दाब सुटताच १०० अंशांहून अधिक तापलेल्या द्रवाची क्षणात वाफ होऊन ती चेहरा व हात भाजून काढते. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतल्यास धातूला तडा जाऊ शकतो. इंजिन हाताला सोसेल इतके निवाल्यावरच, झाकणावर जाड फडके ठेवून आणि दाब हळूहळू सोडून ते काढावे.

कायदेशीर बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांत बदल करून वाहन रस्त्यावर चालवण्यास निर्बंध आहेत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात ही तरतूद अधोरेखित केली. त्यामुळे ट्रॅकसाठी केलेला प्रत्येक फेरबदल सार्वजनिक रस्त्यावर वैध ठरतोच, असे नाही.

हे सुद्धा पहा

टर्बोचार्जर
रेडिएटर
अंतर्ज्वलन इंजिन
बुद्ध इंटरनॅशनल सर्किट
अक्कलकोट