जुन्या फरशीवर विजेची ऊब

ब्रिटनसारख्या थंड मुलुखात न्हाणीघराची जुनी टाइल न उखडताही जमीन उबदार करता येते. हे काम घेणाऱ्या वाचकबंधूंनी आधी हिशेब मांडावा, असे आम्ही सुचवतो. जुनी फरशी घट्ट असल्यास तिच्यावर उष्णतारोधक बोर्ड, त्यावर तापणाऱ्या वायरची जाळी, मग लवचिक ॲडेसिव्ह व नवी टाइल बसते. जमीन साधारण 2-3 सेंटिमीटर उंचावते. दार तासावे लागते. चौरस मीटरला 150 वॅट धरल्यास 4 चौरस मीटरला 600 वॅट, म्हणजे सलग 5 तासांत 3 युनिट. बोर्ड गाळल्यास उष्णता खाली मुरते, बिल फुगते. वायरचा रोध अंथरण्यापूर्वी, अंथरल्यावर व टाइल बसल्यावर मीटरने मोजून लिहून ठेवावा. जोडणी नोंदणीकृत इलेक्ट्रिशियनकडूनच करावी. टाइलखाली वायर तुटली, तर सारा नफा तिथेच गाडला जातो!