सावित्रीच्या काठाने : महाड-पोलादपूरचा दोन दिवसांचा फेरा

नाईलकाठची देवळे पाहायला माणसे नावेने आणि रस्त्याने हिंडतात. आपल्या सावित्रीच्या खोऱ्यातही दोन हजार वर्षांचा इतिहास असाच नदीला धरून उभा आहे.

जुना जलमार्ग : बाणकोट खाडीतून व्यापार दासगाव-महाडपर्यंत येई. इजिप्तहून येणाऱ्या ग्रीक व्यापाऱ्यांच्या ‘पेरिप्लस’ या ग्रंथातले ‘पालैपत्मै’ म्हणजे महाडजवळचे पाले, असे काही अभ्यासक मानतात.

गांधारपाले लेणी : मुंबई-गोवा महामार्गालगतच्या डोंगरात बौद्ध लेण्यांची रांग. कुमार काणभोज विष्णुपालिताच्या ब्राह्मी लेखात चैत्यगृह, आठ खोल्या आणि पाण्याच्या दोन टाक्यांचे दान नोंदले आहे.

चवदार तळे, महाड : 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथले पाणी ओंजळीने प्यायले. पायऱ्यांवर क्षणभर थांबाच.

रायगड : महाडहून सुमारे 25 किमी. शिवराज्याभिषेक 6 जून 1674. पायथ्याच्या पाचाडला जिजाऊंची समाधी. गडावर जायला पायऱ्या किंवा रोपवे.

पोलादपूर : ‘शिवभारत’कार कवींद्र परमानंदांची समाधी. जवळच्या उमरठला तानाजी मालुसरेंची समाधी. पुढे आंबेनळी घाटाने प्रतापगड. रायगड व प्रतापगड 2025 पासून जागतिक वारसा यादीत आहेत.

कधी जावे : नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात घाटात दरडी कोसळतात. निघण्यापूर्वी रस्त्याची चौकशी करा. आणि लेण्यांच्या भिंतींवर नावे कोरू नका. तिथे आधीच दोन हजार वर्षांपूर्वीची अक्षरे आहेत.