इंग्रजी ‘गॉड’ आणि मराठी ‘देव’

अंबरनाथच्या पश्चिम भागांत राहणारा मनुष्य रेल्वेचे रूळ ओलांडून पूर्वेस गेला, म्हणजे वालधुनीच्या कांठचें प्राचीन शिवमंदिर त्याला लागतें. तेथील शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा असून त्यांत शिलाहार राजा माम्वाणि याचें नांव आहे. मंडपांतून पायऱ्या उतरून गाभाऱ्यांत जावें लागतें. ‘देवाचें दर्शन घेतलें’ एवढें म्हटलें कीं मराठींत काम भागतें. तेंच इंग्रजींत लिहूं गेल्यास लिहिणाऱ्याचा हात क्षणभर थांबतो. ‘गॉड’ ह्या शब्दाचें पहिलें अक्षर मोठें काढावयाचें कीं लहान?

हा प्रश्न क्षुल्लक नाहीं. इंग्रजींत विशेषनामाचें आद्याक्षर मोठें असतें, सामान्यनामाचें लहान. मोठ्या अक्षराचा ‘गॉड’ म्हणजे एकमेवाद्वितीय, ज्याला दुसरें नांव लागत नाहीं असा. लहान अक्षराचा ‘गॉड’ म्हणजे अनेकांपैकीं एक. त्यामुळें इंग्रज लेखक ग्रीकांचा झ्यूस किंवा हिंदूंचा शिव यांचा उल्लेख करतांना ‘गॉड’ लहान अक्षरानें लिहितात, आणि दोन ओळी सोडून चर्चमधील प्रार्थनेचा विषय निघाला कीं तोच शब्द मोठ्या अक्षराचा होतो. शिव हें विशेषनाम पुढें आलें म्हणून मागचा शब्द सामान्यनाम झाला, असें समर्थन करतां येतें, व तें व्याकरणदृष्ट्या खोटेंहि नाहीं. परंतु वाचणाऱ्याच्या मनावर व्हावयाचा तो परिणाम होतोच. खरा कोण आणि मानलेला कोण, याचा निकाल एक अवाक्षर न बोलतां लागून जातो.

ही रीत फार प्राचीन मात्र नाहीं. जुन्या इंग्रजी हस्तलिखितांत असा भेद नियमानें पाळलेला दिसत नाहीं. छापखान्यांच्या काळांत तो पक्का झाला. १६११ सालच्या राजा जेम्सच्या बायबलांत ‘गॉड’ मोठ्या अक्षराचा आहे, पण त्याच्यासाठीं आलेलें ‘तो’ हें सर्वनाम लहान अक्षराचेंच आहे. त्या सर्वनामालाहि मोठें अक्षर देण्याची चाल पुढें भाविकांच्या लेखनांत पडली. शब्दाचें मूळ पाहूं गेल्यास तर अधिकच गंमत आहे. भाषाशास्त्रज्ञ ‘गॉड’ चा संबंध संस्कृतांतील ‘हू’ म्हणजे हांक मारणें, किंवा ‘हु’ म्हणजे आहुति देणें, ह्या धातूंशीं लावतात. जर्मानिक भाषांत हा शब्द प्रथम नपुंसकलिंगी होता. ख्रिस्ती धर्म आल्यावर तो पुल्लिंगी झाला. आपल्या ‘देव’ शब्दाचा सख्खा भाऊ इंग्रजींत निराळ्याच जागीं, मंगळवारच्या नांवांत, लपलेला आहे. ‘ट्यूझडे’ मधील टिव हा तो.

देवनागरींत मोठें-लहान अक्षर नाहीं. त्यांतून मराठींतील ‘देव’ एकवचनीं आणि अनेकवचनीं सारखाच: एक देव, तेहतीस कोटी देव. शिवाय ह्या शब्दाचा संसार मोठा. देवघरांतील टाक म्हणजे देव, अंगांत येतो तो देव; गोंवर येवोत, कांजिण्या येवोत, त्यांनाहि जुन्या बायका देवच समजत, आणि ज्या रोगावर टोंचून घेत त्याचें नांवच देवी. समुद्रांतील सर्वांत मोठा प्राणी देवमासा झाला. एकच ईश्वर आहे आणि दुसरा नाहीं, असें सांगण्यासाठीं सातासमुद्रांपलीकडून आलेल्या माणसाला असा शब्द हातीं धरवेना आणि सोडवेना, यांत नवल तें काय!

अशा माणसांत पहिला मान थॉमस स्टीफन्स याचा. हा विल्टशरचा इंग्रज १५७९ त गोव्यास आला. हिंदुस्थानांत येऊन राहिलेला पहिला इंग्रज म्हणून त्याचें नांव घेतात. त्याचें ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ त राचोल येथें रोमन लिपींत छापलें गेलें. लॅटिन किंवा पोर्तुगीज शब्द तसाच उचलून आणणें त्याला सोपें होतें. त्यानें ‘देव’ आणि ‘परमेश्वर’ हे शब्द घेतले, इतकेंच नव्हे तर स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हटलें. वाचणाऱ्याच्या कानांत संतांच्या ओव्या घुमत आहेत हें तो पुरतें जाणून होता, व ह्या निवडींतच त्याच्या ग्रंथाचें मोठेपण आहे. गोव्याच्या ख्रिस्ती बोलींत आजहि ‘देव’ म्हणजे परमेश्वर आणि ‘देवचार’ म्हणजे सैतान. दोघांचें घर एकाच शब्दांत.

पुढें श्रीरामपुरास विल्यम केरीनें व मुंबईस अमेरिकन मिशननें बायबलाच्या मराठी भाषांतराचें काम केलें. अमेरिकन मिशनचा नवा करार १८२६ त निघाला. भाषांतर करणारांपुढें अडचण दुहेरी होती. हिब्रूंत देवाचें सामान्यनाम एक, आणि ज्याचा उच्चार यहुदी टाळतात तें चार अक्षरांचें खास नाम दुसरें. इंग्रजांनीं येथेंहि टाइपाचाच आधार घेतला. त्या खास नामाच्या जागीं ‘लॉर्ड’ हा शब्द सबंध मोठ्या अक्षरांत छापला. मराठींत तो मार्ग बंद. म्हणून रूढ मराठी बायबलांत सामान्यनामाला ‘देव’ आणि खास नामाला ‘परमेश्वर’ अशी वांटणी झाली. शेजारच्या हिंदींत पाहावें तर ‘परमेश्वर’ सामान्यनामाच्या जागीं बसला असून खास नाम ‘यहोवा’ असें तसेंच ठेविलें आहे. बंगालींत ‘ईश्वर’ व ‘सदाप्रभु’. मराठी ख्रिस्ती मनुष्य हिंदी प्रार्थनेस बसला, तर ‘परमेश्वर’ शब्द कानीं पडतांच त्याला एक पायरी बदलावी लागते.

एका बाबतींत मात्र मराठी भाषांतरकारांस कांहीं शोधावें लागलें नाहीं. इंग्रजींत देवाला ‘दाऊ’ म्हणत. तें मूळचें सलगीचें एकवचन. व्यवहारांतून तें गेलें, प्रार्थनेंतच उरलें, आणि तेथें पडून पडून भारदस्त होऊन बसलें. मराठींत राजाला ‘आपण’ म्हणावें लागे, पण विठोबाला ‘तूं’. ती जवळीक बायबलालाहि आयती मिळाली.

जोतीराव फुले यांनीं ह्या सगळ्या शब्दांना बाजूस सारलें. पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेंत ते शिकले होते. टॉमस पेनचें लेखन त्यांनीं वाचलें होतें. इंग्रजींत ‘मेकर’, ‘क्रिएटर’ असे शब्द आहेत. त्यांत देऊळ नाहीं, पुजारी नाहीं, केवळ करणारा आहे. ‘देव’ म्हटला कीं मूर्ति आली, आणि मूर्तीमागून दक्षिणा मागणारा आला, हें जोतीरावांचें दुखणें. त्यांनीं ‘निर्मिक’ शब्द योजिला. त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ त प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ ह्या ग्रंथांत तो जागोजाग आहे. सत्यशोधक परंपरेच्या लेखनांत तो टिकला. बायकांच्या ओव्यांत किंवा शेतकऱ्याच्या सुस्काऱ्यांत तो उतरला नाहीं. ठेंच लागली कीं ‘अरे देवा’ हेंच तोंडांतून निघतें, आणि तोंडची संवय मोडणें ग्रंथाच्या हातीं नसतें.

स्वराज्य आल्यावर हा प्रश्न राज्यघटनेपुढें आला. १७ ऑक्टोबर १९४९ रोजीं घटनासमितींत हरि विष्णु कामत यांनीं प्रास्ताविकेचा आरंभ ‘गॉडच्या नांवानें’ व्हावा अशी दुरुस्ती मांडली. रोहिणीकुमार चौधरी म्हणाले, मग देवीचें नांव कां नको? ते कामरूपचे, म्हणजे कामाख्येच्या मुलखांतले. इंग्रजी शब्दाचें पुल्लिंग त्यांना तत्काळ खटकलें. हृदयनाथ कुंझरू यांनीं विरोध केला. मतें मोजलीं तेव्हां बाजूनें ४१ आणि विरुद्ध ६८ पडलीं. प्रास्ताविकेंत तो शब्द आला नाहीं, परंतु तिसऱ्या अनुसूचींतील शपथेच्या मजकुरांत मोठ्या अक्षराचा ‘गॉड’ राहिला, आणि ज्याला तो नको त्याच्यासाठीं दुसरा मजकूर सोबत दिला गेला. मराठींत पहिल्याचें ‘ईश्वरसाक्ष शपथ घेतो’ आणि दुसऱ्याचें ‘गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो’ असें झालें. ‘ईश्’ म्हणजे सत्ता चालविणें. राज्यकारभाराच्या कागदाला हा शब्द शोभला असावा. विधानसभेंत निवडून आलेल्या सभासदानें दोहोंपैकीं कोणता मजकूर म्हणावा हें त्याच्यावर सोंपविलेलें आहे. ‘देव’ हा शब्द दोहोंतहि नाहीं.